कुसुमबाईची पिवळी रेघ

दयाराम गजभियेच्या शेडमधल्या खड्ड्याला पायऱ्या चारच. पण त्या चार पायऱ्या उतरायला आजकाल त्याला एक हात भिंतीला अन् एक हात गुडघ्याला लावावा लागतो, आणि शेवटच्या पायरीवर तोंडातून काहीतरी निघतंच. देवाचं नाव घ्यायचा घरात रिवाज नाही, म्हणून बिचारा शिवी देतो. त्या रविवारी सकाळी नऊला त्यानं ती दिली तेव्हा जानेवारीची थंडी सिमेंटातून निघून त्याच्या टाचांत शिरत होती, उजवा खांदा रात्रभर ठणकला होता, आणि डोक्यावर ज्योती वासनिकची सोळा वर्षं जुनी गाडी उभी होती. पासष्ट वर्षांच्या माणसानं रविवारी सकाळी उन्हात बसून मटार सोलावेत की नाही? हा गाडीखाली मान वर करून उभा होता.

आता हा माणूस कोण ते सांगून टाकतो. बाप यवतमाळकडचा, फॅक्टरीत मजूर म्हणून जबलपूरला आला तो इथलाच झाला. दयारामही त्याच फॅक्टरीत लागला. तिथं लष्कराचे ट्रक बनायचे, आणि चौतीस वर्षं त्यानं एकच काम केलं. बोल्ट कसले. हसू नका. दयारामसमोर तर मुळीच हसू नका. बोल्ट कमी कसला तर हलतो, जास्त कसला तर ताणून तुटतो. किती कसायचा त्याचा आकडा ठरलेला असतो आणि त्यासाठी वेगळा पाना असतो. आकडा भरला की तो पाना हातातल्या हातात टक् करतो. टक् झालं की हात थांबला पाहिजे. "टक् ऐकू आलं नाही तर घरी जायचं नाही," असं तो नवीन पोरांना सांगायचा, अन् पोरं त्याच्या माघारी त्याला टक्‌काका म्हणायची.

फॅक्टरीत आणखी एक नियम होता. कसणारा वेगळा आणि रेघ मारणारा, म्हणजे चेकर, वेगळा. एकानं बोल्ट कसायचा, मग दुसऱ्यानं येऊन विचारायचं, हात लावून पाहायचं, आणि खात्री झाली तरच बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पुढं कधी बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट अशी की रेघ दिसली म्हणजे दोन माणसांनी तो बोल्ट पाहिला. स्वतः कसलेल्या बोल्टावर स्वतःच रेघ मारणं म्हणजे परीक्षेचा पेपर लिहायचा आपणच अन् तपासायचाही आपणच.

रिटायर झाल्यावर जबलपूरच्या रांझी भागातल्या घरापुढं त्यानं टिनाची शेड टाकली, खड्डा खणला, आणि जुन्या गाड्यांची फक्त पोटाखालची कामं घ्यायला लागला. चेकर काय फॅक्टरीतून घरी येणार होता? ते काम बायकोनं घेतलं. कुसुमबाई सातवी शिकलेली, पण कामाला अशी पक्की की बाप्पा रे बाप्पा. पदर खोचून खड्ड्यात उतरायची, विचारायची, "कसून झाला?" दयाराम म्हणायचा, "झाला." तेवढ्यावर भागायचं नाही. "परत पाना लावा. मले टक् ऐकू द्या." टक् ऐकलं की मगच बारीक ब्रशानं रेघ मारायची. रेघ कशी, तर भाकरीवर सुरीनं चीर द्यावी तशी, सरळ अन् बारीक. लोक लांबून गाड्या आणायचे ते दयारामच्या हाताला म्हणून. पण तो हात रोज तपासला जायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी हा शहाणा चुकला. योगेश नावाचा एक तरुण गिऱ्हाईक खड्ड्याच्या काठावर उभा होता. दोन रेघा मारून झाल्या होत्या, तिसऱ्या बोल्टाशी कुसुमबाईनं नेहमीसारखं विचारलं, "कसून झाला?" योगेशला हसू आलं. "क्या बात है अंकल, आंटी इंजिनिअर आहेत काय?" वाईट मनानं नव्हे, पण हसला. दयारामला ते हसू झोंबलं. आणि पुरुषमाणसाला काही झोंबलं की ते निघतं कुणावर? "तुले पान्याची अक्कल आहे का?" तो सगळ्यांसमोर खेकसला. "रेघ मार अन् घरात जाय."

कुसुमबाईनं रेघ मारली नाही. ब्रश डब्यात ठेवला, पदर सोडला, चार पायऱ्या चढून घरात गेली. त्यानंतर ती शेडमध्ये कधी उतरली नाही. चहा आणायची तोही दाराच्या उंबरठ्यापर्यंत. कप तिथं ठेवायची आणि म्हणायची, "चहा." भांडण नाही, रुसवा नाही, स्वयंपाक वेळेवर, बोलणं चालणं सगळं. फक्त शेडमध्ये पाय नाही. दयारामनं माफी मागितली का? छे! मनात शंभरदा मागितली असेल. तोंडानं मागायची तर जीभ जड झाली, आणि दिवस गेले तशी ती आणखी जड होत गेली. रेघा तो स्वतःच मारू लागला.

असो. रविवारचं सांगत होतो.

ज्योती शहरातच विजय नगरात राहते, बाहेरच्या पाटन गावात शाळेत शिकवते. नवरा रेल्वेत, त्याची बदली कटनीला, म्हणून घर, पोरगी, गाडी सगळं हिच्याच गळ्यात. सकाळी गाडी खड्ड्यावर लावून देताना ती म्हणाली, "जय भीम काका. खालून आवाज येऊन राहिला. ब्रेक मारला की खट्ट, वळवली की खट्ट. दोन ठिकाणी दाखवली. एकानं शॉकर बदलले, एकानं आणखी काय काय. आवाज तसाच."

"जखम मांडीला अन् मलम शेंडीला," दयाराम म्हणाला. "माझ्याकडं काहून नाही आणली पहिले?"

"तुमच्या खांद्याचं ऐकलं होतं ना. म्हटलं, काहून त्रास द्यायचा." मग घड्याळाकडं बघत म्हणाली, "पण काका, उद्या पाहिजेच. प्रॅक्टिकल सुरू होऊन राहिले. मी नाही पोचले तर प्रिन्सिपल मला कच्ची खाईल."

"पाचला ये."

"अच्छा, चलो. तुम्ही केलं म्हणजे मी डोळे मिटून चालवते."

"चालवताना उघडेच ठेव, बेटी," दयाराम म्हणाला, आणि ती हसत ऑटोत बसली.

तर खड्ड्यात. गाडीच्या पुढच्या पोटाखाली एक जाड लोखंडी चौकट असते, तिला सबफ्रेम म्हणतात. इंजिनाचा भार तिच्यावर, पुढच्या चाकांचे हात तिला धरून. ही चौकट वरच्या बॉडीला चार मोठ्या बोल्टांनी टांगलेली, अन् मधे रबराचे बुश, म्हणजे रस्त्याचा धक्का लोखंडाला लोखंड लावून वर जात नाही. खाटेचा एक पाय ढिला झाला की सगळी खाट कुरकुरते, तसंच हिचं. दोन वर्षांपूर्वी या गाडीचे चारही बुश दयारामनंच बदलले होते. त्यामुळं तो जरा खुशीतच होता. आपलं काम आपल्याला ठाऊक, दुसरीकडं कुठंतरी दुखणं असणार.

तरी सवयीनं त्यानं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि एकेक कोपरा उचकून पाहिला. पुढचा डावा, ठीक. पुढचा उजवा, ठीक. मागचा उजवा, रबर थोडं म्हातारं झालेलं, पण बोल्ट जागेवर. मागच्या डाव्यात सब्बल घातली आणि चौकट अंगठाभर खाली सरकली. खट्ट.

"सापडलास," दयाराम म्हणाला.

बोल्ट फिरून ढिला झाला असणार. होतं असं, रस्ते काय आहेत आपले. त्यानं फडकं रॉकेलात बुडवून चिखल पुसला. तुटलेली रेघ दिसेल म्हणून टॉर्च धरला. पिवळी रेघ दिसली. बोल्टाच्या डोक्यावरून निघून खालच्या लोखंडापर्यंत गेलेली, सरळ, जाड, कुठं एक केस तुटलेली नाही.

दयारामनं पुन्हा पुसली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. रेघ अख्खीच होती.

रेघ अख्खी म्हणजे बोल्ट फिरलाच नव्हता. आणि न फिरता ढिला आहे म्हणजे तो ढिलाच होता. दोन वर्षांपासून. पहिल्या दिवसापासून. ज्या दिवशी दयारामनं त्याच्यावर रेघ मारली त्या दिवसापासून. एवढं समजायला कुणाला इंजिनिअर व्हावं लागत नाही. त्यानं पाना लावला. जोर करायला शेजारी पाईप काढून ठेवला होता, त्याची गरजच पडली नाही. बोल्ट तीन बोटांवर फिरला. थोडा गंज आणि तो पिवळा रंग, एवढ्याच्या भरवशावर तो बिचारा तिथं चिकटून राहिला होता. चोळला गेल्यानं त्याची दांडी चकचकीत झाली होती, अन् बुशाचं रबर एका अंगानं पार फाटलं होतं.

दयाराम बोल्ट हातात घेऊन खड्ड्यात खाली बसला.

त्याला आठवलं, आणि आठवू नये असं वाटत असतानाच सगळं आठवलं. योगेशच्या प्रसंगानंतर आठवडाभरानं ही गाडी आली होती. कुसुमबाईशिवायची पहिलीच गाडी. तीन बोल्ट कसून झाले होते, चौथा हातानं नुसता टेकवला होता, आणि जेवणाची वेळ झाली. ब्रशाला रंग लागलेलाच होता. वाळून जाईल म्हणून त्यानं चारही रेघा एकदमच ओढल्या. चौथा काय, आल्यावर कसतोच की. जेवून आला, झोप डोळ्यांवर. टॉर्च मारला तर चारही बोल्टांवर पिवळ्या रेघा. चौतीस वर्षं त्याच्या डोळ्यांना एकच शिकवण होती. रेघ दिसली म्हणजे झालं, दुसऱ्या माणसानं पाहिलंय. त्यानं रेघ पाहिली आणि पाना पुसून ठेवून दिला. दुसऱ्या कुणा मिस्त्रीकडून ही चूक झाली नसती, कारण दुसरा कुणी रेघच मारत नाही.

पाटनचा रस्ता. रोज जाणं, रोज येणं. ट्रक, ट्रॅक्टर, बस. डोळे मिटून चालवते म्हणाली होती.

"चहा," वरून आवाज आला.

तो वर आला. चार पायऱ्यांना किती वेळ लागला ते विचारू नका. कुसुमबाई रविवारची वंदना करून विहारातून नुकतीच आली होती, अंगावर पांढरी साडी तशीच होती. कप उंबरठ्यावर ठेवून ती वळत होती, एवढ्यात दयारामनं तो बोल्ट, फडक्यात धरलेला, तिच्यापुढं केला. अर्धी रेघ त्याच्या डोक्यावर होती.

तिनं बोल्ट हातात घेतला, उजेडात धरला. "ही रेघ माझी नव्हे," ती म्हणाली. "माझी एवढी जाड नसते."

"माझी आहे."

"मग?"

"कसलाच नव्हता. रेघ मारली अन् कसलाच नाही. दोन वर्षं ते पोरगी..." चहावर साय धरली.

कुसुमबाई त्याला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. हक्क होता तिचा. तिनं नुसता बोल्ट हातात फिरवला अन् विचारलं, "तिले सांगणार?"

"सांगितलं तर संपलं सगळं. ती चार जणांना सांगीन. कोण आणीन मग गाडी?"

"अन् नाही सांगितलं तर?"

नाही सांगितलं तर काहीच होत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवे बुश घालायचे, नवे बोल्ट घालायचे, आवाज बंद, पोरगी खूश. जुना बोल्ट भंगारात. जगात कुणाला कळणार नव्हतं. कळलं असतं ते या उंबरठ्यावरच्या दोघांना. विहारात दर रविवारी बाई पंचशील म्हणून येते, त्यातलं खोटं न बोलण्याचं शील काही तिनं दयारामला म्हणून दाखवलं नाही. कप उचलून आत गेली.

तेवढ्यात पोराचा फोन. अश्वजीत पुण्याला असतो, मराठी समजते पण तोंडात हिंदीच येते. "पापा, आज संडे को भी नीचे घुसे हो? कितनी बार बोला, बंद करो ये सब. यहाँ आ जाओ दोनों."

दर वेळी दयाराम एकच उत्तर द्यायचा, की बाबू, माझ्या रेघेवर लोक गाड्या चालवून राहिले, बंद कसं करू? आज ते तोंडातून निघेना. "बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला. पलीकडं पोरगं चकित झालं असेल.

मग तो पुन्हा खाली उतरला, कारण काहीही ठरो न ठरो, गाडी तर दुरुस्त व्हायलाच हवी होती. हे काम कसं असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. वर इंजिनाला साखळी बांधून आडव्या पाईपाला टांगायचं. खालून चौकटीला जॅकचा आधार द्यायचा. चौकट आधी कुठं होती त्याच्या खडूनं खुणा करायच्या, नाहीतर बसवताना दोन सूत इकडं तिकडं झालं की गाडी एका अंगाला ओढते. मग एका बाजूचे बोल्ट काढायचे, चौकट थोडी खाली घ्यायची, स्क्रूच्या पुलरनं जुना बुश ओढून काढायचा. निघता निघत नाही. गंज डोळ्यांत पडतो, हात डोक्याच्या वर ठेवून ठेवून मुंग्या येतात. भोक तारेच्या ब्रशानं घासायचं, नव्या बुशाला साबणाचं पाणी लावायचं, सरळ दाबत न्यायचा. वाकडा गेला की परत काढा. असे चार.

दर बुशागणिक खांदा एकेक पायरी वर ओरडत होता. पहिल्या दोनांना दुपारचे दोन वाजले. जेवण उंबरठ्यावर आलं आणि अर्धं तसंच परत गेलं. तिसऱ्याशी त्याच्या मनात आलं, आपण हे काहून करून राहिलो? कुणासाठी? शेडमध्ये पाऊल न टाकणाऱ्या बायकोसाठी, की पुण्याच्या पोरासाठी, की टक्‌काका म्हणवून घ्यायला? त्याला इतका शीण आला होता की उत्तर शोधायचाही कंटाळा आला. चौथा बुश बसला तेव्हा साडेचार झाले होते. गाडी चाकांवर पूर्ण भार देऊन उभी केली. नवे बोल्ट, टक्‌चा पाना. पहिला, टक्. दुसरा, टक्. तिसऱ्याला दोनदा थांबावं लागलं, पण टक्. चौथा, तोच, मागचा डावा. पान्याला ओढलं आणि खांद्यात अशी कळ गेली की हात आपोआप सुटला. पुन्हा ओढलं. पाना हलेना. डोळ्यांपुढं काजवे. टक् काही होईना.

आणि वरून आवाज, "काका, झालं का?"

दयाराम वर आला. आता ठरवायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ठरवायचा कंटाळाच आला होता. फडक्यातला जुना बोल्ट त्यानं ज्योतीच्या हातात ठेवला.

"हा तुझ्या गाडीतला. दोन वर्षांपूर्वी मीच घातला होता. रेघ मारली, पण कसला नाही. विसरलो. तुझा आवाज त्याचाच होता. दुसरं कुणाचं काही नाही, चूक माझी आहे."

ज्योती आधी बोल्टाकडं पाहत राहिली. "म्हणजे दोन वर्षं मी यावर पाटनला जाऊन राहिली होती?"

"हो."

"काका, माझ्या पोरीला, पायलला, सोडते ना मी शाळेत. रोज. मागच्या सीटवर असते ती."

आवाज चढवला नाही तिनं. शाळेत पोरांवर चढवत असेल. दयारामला वाटलं, हिनं आता बोल्ट आपल्या कपाळावर हाणावा. तो मान खाली घालून उभा राहिला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला आपण म्हातारे झालो असं स्वच्छ कळलं.

"आणि आता?" ज्योती म्हणाली. "आता चारही कसून झाले म्हणता तुम्ही. ते मी कोणाच्या भरवशावर मानू?"

चौथा झालेलाच नव्हता, तर काय सांगणार?

उंबरठ्यावर कुसुमबाई उभी होती. केव्हापासून कोण जाणे. पांढरी साडी बदलून ती जुन्या, तेलाचे डाग पडलेल्या साडीत आली होती. तीच साडी, दोन वर्षं पेटीत तळाशी होती. पदर खोचला, उंबरठा ओलांडला, फळीवरचा रंगाचा डबा काढला आणि ब्रश पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "ब्रश कधी धुतला होता का? झाडू करून ठेवला पार." मग ज्योतीला म्हणाली, "चाल वं बाई, तू बी उतर. तुझी गाडी आहे."

दोघी उतरल्या. मागून दयाराम, भिंतीला धरून. खड्डा दोघांचा, तिघं त्यात कसेबसे मावले.

"पहिला. कसून झाला?"

"झाला."

"परत पाना लावा."

टक्. कुसुमबाईनं ज्योतीकडं पाहिलं, ज्योतीनं मान हलवली, बारीक पिवळी रेघ ओढली गेली. दुसरा, टक्. तिसऱ्याला दयारामचे ओठ पांढरे पडले, पण टक् झालं. चौथ्याशी ब्रश हवेत थांबला.

"कसून झाला?"

शेड टाकल्यापासून या प्रश्नाला त्यानं एकच उत्तर दिलं होतं. "नाही," दयाराम म्हणाला. "नाही झाला. हात चालून नाही राहिला माझा."

मग ज्योतीनं पर्स पायरीवर ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि पान्याच्या दांड्यावर त्याच्या हाताशेजारी आपले दोन्ही हात ठेवले. "कुठं ओढायचं?"

"माझ्याकडं. हळू. झटका नको. टक् झालं की सोड."

दोघांनी ओढलं. पाना सरकला, थांबला, पुन्हा सरकला. दयारामच्या तोंडातून ती नेहमीची शिवी निघाली, बाईमाणसांसमोर. टक्.

"ऐकलं?" कुसुमबाईनं विचारलं.

"ऐकलं," ज्योती म्हणाली.

चौथी रेघ सगळ्यांत बारीक निघाली.

ज्योतीनं गाडी बाहेर काढली, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली, दोनदा ब्रेक मारून पाहिला. आवाज नव्हता. काच खाली करून ती म्हणाली, "जुना बोल्ट मी घेऊन जाते, काका." काहून नेते ते तिनं सांगितलं नाही, दयारामनं विचारलं नाही. "उद्या आवाज आला तर फोन करीन," ती म्हणाली, मग थोडं थांबून, "नाही आला तरी करीन." डोळे मिटून चालवते असं काही ती या वेळी म्हणाली नाही. ते बरंच झालं.

गाडी गेल्यावर दयारामनं शेडमधल्या बाजेवर अंग टाकलं. आता कुणी राज्य दिलं असतं तरी तो उठला नसता.

"झोपता कुठं?" कुसुमबाई म्हणाली. ती खाली बसून रॉकेलाच्या वाटीत ब्रश धूत होती. "दोन वर्षांत किती गाड्यांवर आपल्याच हातानं रेघा मारल्या?"

दयारामनं डोळे मिटले. हे त्याच्या मनात दुपारीच येऊन गेलं होतं आणि त्यानं ते ढकलून दिलं होतं. "असतील वीस-बावीस."

"बोलवा सगळ्यांना."

"मरून जाईन मी, कुसुम."

"मग हळूहळू मरा. रोज एक गाडी."

त्यानं पडल्या पडल्याच फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि नावं वर-खाली केली. पहिला नंबर कुणाचा लावायचा हे त्याला शोधावं लागलं नाही.

"हॅलो, योगेश? दयाराम बोलून राहिलो, रांझीहून. गाडी घेऊन ये रे बाबू एकदा."

"काहून अंकल? बढ़िया चल रही है. आवाज बिवाज कुछ नाही."

"आवाज नसू दे. तरी आण." दोन वर्षं जड झालेली जीभ तशीच जड होती, तिला ढकलावंच लागलं. "त्या दिवशी तुझ्यासमोर मी आमच्या बाईला अक्कल नाही म्हटलं होतं. अक्कल मलेच नव्हती. चेकर तीच आहे. तुझ्या गाडीवरच्या दोन रेघा तिच्या आहेत, त्या राहतील. दोन माझ्या आहेत. त्या पुसून पुन्हा मारायच्या आहेत."

योगेश म्हणाला, "अच्छा अंकल. कब लाऊँ?"

दयारामनं बाजेवरून मान वळवली. कुसुमबाईचा हात रॉकेलाच्या वाटीत थांबला होता. तिनं वर पाहिलं नाही.

"उद्या," ती म्हणाली. "पण म्हणाव, दहानंतर. आधी तुमचा खांदा शेकायचा आहे."